मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर

हरेशची खाट ओसरीवरच्या खिडकीला लावलेली असे. खिडकीतून आधी आमचं अंगण दिसायचं, अंगणात बांबूच्या आडव्या काठ्यांवर तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील, त्यांच्या मागे दोन माड आणि माडांच्या मागे समुद्र. हा माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चौथीत असताना तो शाळेच्या वाटेवर सारखा पडायला लागला, पाचवीत त्याला शाळेच्या पायऱ्या चढता येईनात, आणि सहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा बाबा त्याला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायला लागले. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, यावर औषध नाही. पाय गेले तसे हातही जातील आणि शेवटी छाती. हे त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, आणि आम्हा दोघांना कुणीच सांगितलं नाही. पण एक खोली आणि एक ओसरी असलेल्या घरात न सांगितलेलंही सगळ्यांना कळतं.

खाटेवर पडल्यापडल्या त्याला होड्यांच्या आवाजाचा छंद लागला. होडी दिसायच्या आधीच तिच्या इंजिनावरून ती कुणाची ते तो सांगायचा. आमच्या होडीचा आवाज तर शेंबडं पोरही ओळखेल असा झाला होता. "आपलं इंजिन खोकतंय बग," हरेश म्हणायचा, आणि आई चुलीवर भाताचं आधण ठेवायला उठायची, कारण त्यानंतर पाऊण तासाने बाबा दारात येणार हे ठरलेलं. बाबा आले की ओल्या जाळ्याचा आणि डिझेलचा वास ओसरीभर पसरायचा. मग ताज्या बोंबलांचं आंबट कालवण, तांदळाची भाकरी आणि भात. आई हरेशला भरवायची. प्रत्येक घास बोटांनी चाचपून काटा काढायची, आणि तो बारावीच्या वयाचा झाला तरी "आ कर" असंच म्हणायची. तो मान वळवून माझ्याकडे बघत डोळे फिरवायचा आणि तोंड उघडायचा.

त्याची दहावी लेखनिक घेऊन झाली होती. पुढे कॉलेजचा प्रश्नच नव्हता, पण त्याचं डोकं काही थांबलं नाही. संध्याकाळी मी वही घेऊन खाटेशी बसायची आणि तो सांगेल ते लिहून घ्यायची. वर्तमानपत्राला पत्रं, आकाशवाणीला पत्रं, खिडकीतून दिसलेल्या माणसांच्या हकिकती. कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या टोपलीतून कावळ्याने काय पळवलं, पोलिसाला बघून कोण माडामागे लपलं. तो मजेदार सांगायचा आणि मी हसत हसत लिहायची. कधीकधी मी त्याचे शब्द बदलायची. एकदा त्याने सांगितलं, "आई आज अंगणात बसून रडली," आणि मी लिहिलं, "आई आज फार थकली होती." तो म्हणाला, "वाच बघू." मी वाचलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुजं अक्षर, तुजी वही." मला ते लागलं, पण मी वरकरणी हसले. माझ्यासारखी बहीण कुणाला मिळते, असं मला तेव्हा मनापासून वाटत असे.

मी बोईसरला नोकरीला होते. पालघरला टायपिंग शिकले, मग बोईसरमधल्याच एका क्लासात कॉम्प्युटर शिकले, आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्याच्या ऑफिसात चिकटले. सकाळच्या एसटीने पालघर, तिथून बोईसर, आणि संध्याकाळी तसंच परत. एडवणच्या आमच्या आळीत कॉम्प्युटर चालवणारी मीच पहिली, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला जरा जास्तच वजन आलं होतं. आमच्या कारखान्यात मशीन बसवायला एक मिश्रासाहेब यायचे. गोरे, जाडे, बोलायला मऊ. त्यांच्याकडे लॅपटॉप होता. ऑफिसातली आम्ही सगळी तो बघायला जमलो होतो. घरी येऊन मी सहज म्हणून हरेशला सांगितलं, "आज मी मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर बगितला."

सांगायला नको होतं. किंवा आधीच सांगायला हवं होतं. मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दारात चप्पल काढते आहे तोवर त्याने विचारलं, "त्याची बटणं दाबायला किती जोर लागतो?" टाइपरायटरचा प्रयोग आम्ही पूर्वी केला होता. क्लासातलं एक जुनं मशीन बाबांनी उचलून आणलं होतं, पण ती कळ खाली जायला जो जोर लागतो तो त्याच्या बोटांत नव्हता. ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर टेबलावरचा, त्यासमोर ताठ बसावं लागतं. तो उशांना टेकून अर्धा आडवाच असायचा. मी म्हटलं, "नुसतं बोट ठेवलं तरी दबतं." मग रोज प्रश्न. वजन किती? तिरका ठेवला तर चालतो का? वीज गेली तर? मराठी येतं का? मी सांगितलं, मराठीचं अवघड आहे. तो म्हणाला, "इंग्रजी अक्षरांत मराठी लिवीन. वाचणारा मीच तर हाय."

"म्हंजे?" मी विचारलं. "मी लिवून देते ना तुला."

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "निमाताई, मला एक तरी वाक्य असं लिवायचं हाय, जे आदी कोणी ऐकलेलं नाय. माजं सगळं कोणाच्या तरी कानातून जातं. पाणी पायजे तरी सांगावं लागतं, मुतायचं तरी सांगावं लागतं. ते चालंल. पन लिवायचं तरी..." पुढे तो बोलला नाही. त्याचा श्वास लांब वाक्याला पुरत नसे.

मी हे आईबाबांना सांगितलं तेव्हा शेवटचा भाग गाळला. नुसतं म्हटलं, त्याला लॅपटॉप हवा आहे. त्याच सुमारास मिश्रासाहेबांनी नवा घेतला आणि जुना विकायला काढला. किंमत ऐकून मी हबकले. जुना असूनही तो जवळपास तेवढ्यालाच पडत होता, जेवढ्यात होडीला नवं इंजिन आलं असतं. आणि इंजिनासाठी बाबांनी दोन हंगाम पोटाला चिमटा घेऊन पैसे बाजूला ठेवले होते. त्याआधीच्या हंगामात ते एकदा इंजिन बंद पडून दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत समुद्रात अडकले होते. एवढं सगळं डोळ्यांसमोर असूनही बाबा म्हणाले, "सायबाला बोलाव. पोराला एकदा बघू दे तरी."

मिश्रासाहेब रविवारी सकाळी स्कूटरवरून बोईसरहून एडवणला आले. अंगणात शिरताच त्यांनी सुकत्या बोंबलांच्या वासाने रुमाल नाकाला लावला, मग आपलं चुकलं असं वाटून तो खिशात घातला. आईने त्यांना शहाळं दिलं. हरेशला आईने पहाटेच अंघोळ घालून इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता. बाबांनी एका फळीला खालून उशा लावून ती त्याच्या पोटावर तिरकी बसवली आणि साहेबांनी तिच्यावर लॅपटॉप ठेवला. मी हरेशचा उजवा हात उचलून कळांवर ठेवला. त्या हाताची दोन बोटं तेव्हा चालत होती. त्याने एक कळ दाबली. पडद्यावर अक्षर उमटलं. त्याने दुसरी दाबली. आई म्हणाली, "अगो बाय," आणि पदर तोंडाला लावला.

"अच्छा है? हल्का है ना?" साहेबांनी विचारलं.

हरेशने मान हलवली आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "तुमी सगळी जरा भायेर जा."

आम्ही बाहेर अंगणात जाऊन उभे राहिलो. आई, बाबा, मी आणि हातात शहाळं घेतलेले मिश्रासाहेब. आतून कळेचा आवाज यायचा, टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. साहेब बाबांना इंजिनाबद्दल विचारत होते आणि बाबा त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होते, पण दोघांचंही लक्ष आतल्या आवाजाकडे होतं. मी मनातल्या मनात टकटक मोजायला लागले, आता एक शब्द झाला असेल, आता दुसरा. जवळजवळ पाऊण तास ते चाललं. मग सलग एक आवाज आला, बारीक पिप् पिप् असा, आणि साहेब म्हणाले, "बॅटरी गई," आणि लगबगीने आत गेले. मीही मागोमाग गेले. पडदा अजून उजळलेला होता, पण त्यावर एकही अक्षर नव्हतं. हरेशने जे काही लिहिलं होतं ते सगळं पुसलं होतं. पुसायची कळ नुसती दाबून ठेवली की अक्षरं एकामागून एक पुसली जातात, हे मीच त्याला महिनाभरापूर्वी सांगितलं होतं.

"क्या लिखा भाई?" साहेबांनी विचारलं.

"कुछ नहीं. ट्राय किया," हरेश म्हणाला. तो घामाने निथळत होता. इतका दमलेला आणि इतका आनंदात मी त्याला पूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "चालतंय गो ताई."

साहेब आठवडाभरात कळवा म्हणून गेले. त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बाबा घराच्या कडेला सावलीत जाळं शिवत बसले होते. त्यांनी मला हाक मारली. मी पुढ्यात बसले. बराच वेळ ते सुई चालवत राहिले आणि मग वर न बघता म्हणाले, "निमे, तू त्यातली हायस. मला काय कळत नाय. सांग, एवडे पैसे घालायचे का नाय?"

मी सांगायला लागले. खाऱ्या वाऱ्याने आतले भाग गंजतात. वीज दिवसातून चार वेळा जाते. बॅटरी जुनी आहे, आज पाऊण तास टिकली, वर्षभराने दहा मिनिटंही टिकणार नाही. बिघडला तर दुरुस्त करणारा बोईसरमध्ये कुणी नाही, मुंबईला न्यावा लागेल. आणि दरवर्षी नवे निघतात, हा तर आत्ताच जुना आहे. यातलं एकही खोटं नव्हतं. आजही मला कुणी त्या मशीनबद्दल विचारलं तर मी हेच सांगेन.

बाबांनी विचारलं, "किती वर्सं चालंल?"

मला क्षणभर कळेना. "काय? मशीन?"

बाबांची सुई थांबली. "व्हय. मशीन."

"चार. फार तर पाच."

"डॉक्टर दोन म्हनला," बाबा म्हणाले.

दोघंही जाळ्याकडे बघत होतो. मग मी म्हणाले, "मग कशाला घ्यायचा, बाबा? इंजिन घ्या."

हे मी हळू म्हणाले नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाले. त्या कडेची भिंत कुडाची होती आणि भिंतीपलीकडे ओसरी होती.

लोकांना वाटेल, इंजिन हे घराचं पोट होतं, समुद्रात जाणाऱ्या बापाचा जीव होता, मुलीने शहाणपणाचा सल्ला दिला. त्या काळात मीही स्वतःला तेच सांगायची. पण त्या सकाळी अंगणात उभी राहून टकटक मोजताना माझ्या मनात इंजिन नव्हतं. सात वर्षं मी त्याचा हात झाले होते. आणि त्याने मला बाहेर जा म्हणून सांगितलं, आणि लिहिलेलं मला दिसू नये म्हणून पुसून टाकलं. मला त्याचा राग आला होता. मला न ऐकवता लिहिण्यासारखं याच्याकडे असं काय आहे? बाबांनी मला कॉम्प्युटरबद्दल विचारलं आणि मी उत्तरही कॉम्प्युटरबद्दलच दिलं, पण नाही म्हणाली ती हीच रागावलेली बहीण.

संध्याकाळी मी हरेशशी बसून त्याला सगळी कारणं समजावून सांगितली, वारा, वीज, बॅटरी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय तुजं," तो म्हणाला. "बाबांचं इंजिन आदी." मग मी वही उघडली आणि म्हटलं, "सांग, काय लिवू?" तो म्हणाला, "आज काय नाय."

उद्याही काही नव्हतं. परवाही नव्हतं. मी रोज वही घेऊन बसायची, थोडा वेळ थांबायची आणि उठायची. त्याने अबोला धरला नव्हता. तो बोलायचा, आईशी, बाबांशी, माझ्याशी. नवं इंजिन आलं तेव्हा त्याचा आवाज ऐकून म्हणालाही, "आता आपली होडी वळखायला येत नाय." फक्त लिहायला सांगणं त्याने बंद केलं. मी त्याला चिडवलं, विनवलं, एकदा रडलेसुद्धा. तो म्हणाला, "काय सुचतच नाय गो, खरंच." तीन आठवडे असे गेल्यावर मी कारखान्यात मिश्रासाहेबांना गाठलं आणि विचारलं, लॅपटॉप अजून आहे का. ते म्हणाले, गेला, वापीच्या एका माणसाने नेला. बाबांचे पैसे इंजिनात गेलेले होते, तरी मी कशाच्या जोरावर विचारत होते ते मला ठाऊक नाही. पण गेला म्हणाल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हे मात्र नक्की आठवतं. एसटीत बसल्यावर त्या सुटकेची मला इतकी शरम वाटली की मी एडवणचा थांबा येईपर्यंत मान वर केली नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने लॅपटॉप घेतला. दोन दिवस फोनवर वेगवेगळे बघत होती आणि मला विचारत होती, "आई, एवढे पैसे घालण्याजोगा आहे का गं हा?" मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी झाली.

नवं इंजिन आलं त्याच्या पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात हरेशची ती दोन बोटंही थांबली. होड्या पुन्हा पाण्यात जायला लागल्या त्याच आठवड्यात त्याला सर्दी झाली, ती छातीत उतरली. सकाळी दहाच्या सुमाराला आईने त्याला पेज भरवली आणि ती त्याने गिळली नाही. मी त्या दिवशी घरी होते. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. तो काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते, पण आवाज होण्याइतका वारा छातीत नव्हता. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. काही कळलं नाही. मी म्हटलं, "पुन्ना सांग," तर त्याने डोळे मिटले. शेजारच्यांनी दुसरी होडी पाठवून बाबांना गाठलं. इंजिन चांगलं होतं, त्यात कसलीही खोट नव्हती. पूर्वीच्या निम्म्या वेळात बाबा किनाऱ्याला लागले. तरी उशीरच झाला होता.

माझं लग्न होऊन मी पालघरला आले. बाबा गेले. मग कितीतरी वर्षांनी, एका दिवाळीनंतर, मी एडवणला गेले असताना आई अंगणात सुपात जवळा निवडत बसली होती आणि मी तिच्यासमोर बसून तिला सगळं सांगून टाकलं. वारा आणि बॅटरी हे निमित्त होतं, मला राग आला होता म्हणून मी नको म्हणाले, असं. इतकी वर्षं ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ती मला शिव्या देईल. निदान रडेल.

ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "माज्या पाटल्या होत्या की."

"काय?"

"सोन्याच्या. माज्या आयेच्या. त्या मोडल्या असत्या तर इंजिनपन आलं असतं नि त्याचं तेपन. तुज्या बाबांनी मागितल्या नाय, मी दिल्या नाय." तिने सुपातला एक खडा काढून टाकला. "मीच त्यांना म्हनले, निमाला इचारा. मला म्हायत होतं, तू नाय म्हनशील. तुजं तोंड मी बगितलं होतं त्या दिवशी अंगनात."

मी विचारलं, "का गो आई?"

"मला भ्याव वाटलेलं." तिचा हात थांबला. "एकदा त्याला लय ताप होता. दोन दिस मी त्याच्याजवळनं उटले नव्हते. देवाला म्हनले, ने रे बाबा याला आता, सोडव मला. तोंडातनं निगालं. बगते तर तो जागा. डोळे उगडे. कदी बोलला नाय त्याबद्दल, एका शब्दानं नाय. मग तो म्हनायला लागला, मला एकट्याला लिवायचं हाय. तू सांगितलं नव्हतंस, पन मी ऐकलं होतं. मला वाटलं, तो तेच लिवनार. मी मेल्यावर लोक वाचतील, आईनं पोराला असं म्हनलं."

वारा सुटला होता. सुपातला हलका जवळा उडायला लागला तसं तिने सूप मांडीवर ओढून घेतलं आणि वरून दोन्ही हात ठेवले. मग कधी नव्हे इतक्या हळू आवाजात तिने मला विचारलं,

"तो काय लिवनार होता गो निमा? तुला तर तो सगळं सांगायचा."